झालं म्हणेपर्यंत हलायचं नाही

आमच्या दुकानासमोरच्या चौकात जो भलामोठा फलक आहे, त्यावरचा फोटो माझ्या धाकट्या भावाने काढलेला आहे. दिवेलागणीचा नदीकाठ. आभाळ गडद निळं, पलीकडच्या इमारतींचे दिवे पाण्यात उतरलेले, काठाने वळत गेलेला फरसबंद रस्ता आणि त्या रस्त्यावर चिटपाखरू नाही. खाली घरं विकणाऱ्या कंपनीचं नाव आणि 'इथे शांतता राहते' अशी एक ओळ. येणारे-जाणारे मान वर करून बघतात. आमची गिऱ्हाइकं काउंटरवर कोट ठेवता ठेवता म्हणतात, काय सुंदर फोटो आहे हो. मी म्हणते, आहे. आणि कोट उलटा करून बघायला लागते.

माझं काम कपड्यांवरचे डाग काढायचं. या धंद्यात पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात: डागाला हात लावण्याआधी तो कशाचा आहे ते विचारायचं. शाईचा, तेलाचा, गंजाचा की रक्ताचा. गिऱ्हाईक लाजून सांगत नसेल तरी खोदून विचारायचं. न विचारता घासलं की कापड तरी जातं नाहीतर डाग तरी कायमचा बसतो.

धाकट्याचं काम वेगळं. तो रात्रीच्या शहराचे फोटो काढतो म्हणून प्रसिद्ध आहे, पण खऱ्या रात्री तो एकही फोटो काढत नाही. त्याच्याकडून ऐकून ऐकून मलाही आता पाठ झालंय. रात्र पडली की आभाळ काळंठिक्कर होतं, आणि आमच्यासारख्या दिव्यांनी भरलेल्या गावात नुसते पांढरे गोळे दिसतात. फोटो काढायचा तो सूर्य बुडाल्यावर, आभाळात अजून निळं शिल्लक असताना. ती वेळ हातात फार थोडी असते. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर घट्ट बसवायचा, त्याला बोटही लावायचं नाही, लांबून बटण दाबायचं. एकाच जागेवरून पुष्कळ फोटो: काही पटकन मिटणारे, त्यात दिवे नीट येतात, काही खूप वेळ उघडे ठेवलेले, त्यात दिवे जळून पांढरे होतात पण अंधारातलं सगळं उजळून वर येतं. मग घरी बसून, याचे दिवे घे, त्याचा अंधार घे, असं एकात एक मिसळायचं. वेळ लांबवली की आणखी एक गंमत होते. जे चालतंय ते फोटोत उमटतच नाही. माणसं समोरून जातात आणि रस्ता रिकामा दिसतो. उमटतो तो फक्त थांबलेला माणूस.

ही गंमत तो शाळेत असताना बाबांवर शिकला. बाबा रस्त्यावरच्या दिव्यांच्या खात्यात होते. शिडीच्या गाडीवर चढून दिवे बदलायचे, तारा जोडायचे, काचा पुसायचे. या शहराला उजेड मी देतो असा त्यांचा तोरा होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. धाकट्याला कुणाचा तरी जुना कॅमेरा मिळाला तेव्हा तो रोज संध्याकाळी बाबांना गल्लीतल्या खांबाखाली उभं करायचा. हुकूम असा की शटर उघडं असेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही, मी 'झालं' म्हणेपर्यंत श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. बाबा म्हणायचे, "खांबावर उभं राहून जन्म गेला माझा, आणि तू मला स्थिर राहायला शिकवतोस?" आणि खरंच पुतळ्यासारखे उभे राहायचे. आई होती तेव्हा. ती खिडकीतून म्हणायची, "एवढा वेळ गप्प मी यांना लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं." मग धाकटा ओरडायचा, "झालं, बाबा," आणि बाबा सगळं अंग झटकून हसायचे.

नंतर धाकटा मोठा झाला, कॅमेरे मोठे झाले, आणि फोटोंतून माणसं गेली. गिऱ्हाइकांना रिकामे रस्ते हवे असतात. "माणूस आला की फोटो जुना होतो, ताई," असं तो म्हणायचा. "कपडे बदलतात, चपला बदलतात. इमारत तशीच राहते." मी म्हटलं, "मग इमारतीशीच लग्न कर." त्याने तेही मनावर घेतलं असावं, कारण दुसऱ्या कुणाशी केलं नाही. मी नवऱ्याचं घर सोडून परत आले, आई गेली, आणि आम्ही तिघं त्याच घरात राहिलो.

बाबांचं डोकं हळूहळू विझत गेलं. आधी नावं गेली, मग जेवल्याची आठवण गेली, मग मी गेले. कधी मला त्यांची बहीण समजायचे, कधी अगदी अदबीने विचारायचे, "बाई, आपण कोणाकडे आलात?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी मोरीत जाऊन रडले. मग सवय झाली. मी सांगायची, "तुमच्याकडेच आलेय." "बसा मग," म्हणायचे.

पण दिवेलागणी विसरले नाहीत. ऊन उतरलं की उठायचे, खात्याचं जुनं जाकीट अंगावर चढवायचे आणि गल्लीतले दिवे लागले की नाही ते बघायला निघायचे. डॉक्टर म्हणाले होते, फिरू द्या, तेवढंच बरं. ते गडद रंगाचं जाकीट होतं, छातीवर आणि पाठीवर चमकणाऱ्या पट्ट्या. त्या पट्ट्यांना धुलाईच्या औषधाचं पाणी लागलं की चमक उडते, म्हणून मी ते दुकानात न टाकता घरी हाताने धुवायची. गाडीवाल्यांना म्हातारा लांबून दिसावा, एवढाच हेतू. गल्लीच्या टोकापर्यंत जायचे, सगळे खांब बघायचे आणि परत येऊन मला हजेरी द्यायचे. "कोपऱ्यावरचा फडफडतोय. उद्या माणूस पाठवा."

त्या दिवशी दुपारी जेवताना धाकटा म्हणाला, "आज नदीकाठचा फोटो आहे, मला लवकर निघायला हवं." बाबा पानातच बघत होते. मान वर करून म्हणाले, "नदीकाठी पायऱ्यांवरचा दिवा नेहमी जातो. ओल धरते तिथे." धाकट्याने "हो का" म्हणून पाण्याचा घोट घेतला. मला वाटलं, मागच्या जन्मातलं काहीतरी बोलतायत.

संध्याकाळी मी दुकानातून आले तर घरात बाबा नव्हते. मी गल्ली बघून आले, पुढची गल्लीही बघून आले. तोवर धाकटा परतला होता आणि खोलीत कॉम्प्युटरसमोर बसला होता.

"बाबा आले नाहीत अजून," मी म्हटलं.

"येतील गं. दिवे मोजत बसले असतील." त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. "हे बघ ना ताई, अख्खा रस्ता स्वच्छ आलाय आणि इथे कठड्यापाशी दोन पांढरे फराटे. मागून वळणावर गाड्या येत होत्या, त्यांच्या दिव्याची तिरीप असणार. नेमकी इथे मरायला आली."

मी वाकून पाहिलं. दोन खांबांच्या मधल्या काळोखात दोन आडव्या पांढऱ्या रेघा होत्या, नखाएवढ्या. त्याने शेजारचा अंधार उचलून त्यांच्यावर फिरवला. एकदा, दोनदा. रेघा गेल्या.

"आता बघ," तो म्हणाला.

मी म्हटलं, "छान. आता ऊठ आणि बॅटरी घे."

त्या रात्री आम्ही पाय तुटेपर्यंत फिरलो. बाबांची जुनी कचेरी, शिडीच्या गाड्या उभ्या राहतात ते आवार, बसचा थांबा, आईला नेलं होतं तो दवाखाना. मध्येच मी म्हटलं, "नदीकाठी गेले नसतील ना? दुपारी म्हणत होते काहीतरी."

"मी तिथेच होतो ना ताई. कोणी नव्हतं." मग खात्री पटवायला त्याने फोनवर तो फोटो काढून माझ्यासमोर धरला. "बघ. काळं कुत्रं नाही."

मी पाहिलं. काळं कुत्रं नव्हतं. नदीकाठ आम्ही वगळला आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला निघालो. चालणारा माणूस अशा फोटोत दिसत नाही हे ज्याने मला शेकडो वेळा समजावलं होतं, तोच फोटो पुढे करत होता, आणि जिला ते पाठ होतं ती मान डोलावत होती. आम्हा दोघांना अक्कल वाटताना देव कुठे बघत होता कोण जाणे.

पोलीस ठाण्यातल्या बाईंनी माहिती लिहून घेतली. जाकिटाच्या पट्ट्या मी दोनदा सांगितल्या. "अलीकडचा फोटो द्या," त्या म्हणाल्या.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. धाकट्याने फोन काढला, वर-खाली करत राहिला. पूल होते, मनोरे होते, काचेच्या भिंती होत्या, विमानतळाचं छप्पर होतं. बाबा नव्हते.

"तुम्ही काय करता?" बाईंनी त्याला विचारलं.

"फोटोग्राफर आहे."

'दिव्याखाली अंधार' बाईंच्या ओठांवर आलं असणार, पण त्यांनी ते गिळलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. शेवटी घरी जाऊन निवृत्तीच्या समारंभातला फोटो आणला. त्यात बाबांच्या मिशा होत्या, भरलेले गाल होते, डोक्यावर केस होते. आता यातलं काहीच नव्हतं. हात कापायला लागल्यावर मिशा मीच काढून टाकल्या होत्या. मी तसं सांगितलं. बाईंनी कडेला लिहूनही घेतलं. पण पत्रकावर छापला जातो तो फोटो. सगळ्या ठाण्यांत, सगळ्या इस्पितळांत तो मिशीवाला धडधाकट गृहस्थ गेला, आणि जो तो त्यालाच शोधू लागला.

मी दुकानात रजा टाकली. धाकटा पत्रकं चिकटवत फिरायचा. घरी आलो की दोघांपैकी कोणीतरी चहा करायचं आणि तो तसाच गार व्हायचा. संध्याकाळी दिवे लागले की मी खिडकीशी जायची. कोपऱ्यावरचा अजून फडफडत होता. त्या फडफडीचा मला इतका राग यायचा की दगड घेऊन फोडावासा वाटायचा. आशा ही फार वाईट चीज आहे. ती माणसाला जेवू देत नाही आणि मरूही देत नाही.

मग एका संध्याकाळी सगळ्या भिंती संपल्या म्हणून आम्ही नदीकाठी पत्रकं लावायला गेलो. तिथे होड्यांच्या गोदामावर एक पहारेकरी असतो, संध्याकाळच्या पाळीचा. त्याने पत्रक हातात घेतलं, लांब धरून पाहिलं.

"या गृहस्थांना नाही पाहिलं," तो म्हणाला. मग धाकट्याकडे बघत राहिला. "तुम्ही त्या दिवशी कॅमेरा लावून उभे होता ना वळणावर? तुमच्याबरोबरचे ते म्हातारे कुठे आहेत?"

"माझ्याबरोबर कोणी नव्हतं."

"असं कसं? पट्ट्यांचं जाकीट घातलेले. इकडे कठड्यापाशी उभे होते तुमच्याकडे तोंड करून. मी म्हटलं, आजोबा, बसा की, तर तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं. मला वाटलं, फोटोवाल्यांचाच माणूस आहे, उजेड-बिजेड बघणारा." त्याने पत्रक परत दिलं. "फार वेळ उभे होते हो. मला तर बघूनच पाय दुखायला लागले."

धाकट्याचा चेहरा मी तेव्हा पाहिला. परत पाहायची माझी तयारी नाही.

घरी येऊन त्याने मूळचे फोटो उघडले, मिसळण्याआधीचे. पुढची बटणं मी दाबली. पटकन मिटलेल्या फोटोंत दिवे सुरेख होते आणि काठावर काळोख होता. काळोखात त्या दोन पांढऱ्या रेघा, सगळ्यांत एकाच जागी. मग सगळ्यात जास्त वेळ उघडा ठेवलेला फोटो आला. त्यात सगळे दिवे जळून गेले होते, इमारती पांढऱ्या पडल्या होत्या. धंद्याच्या भाषेत टाकाऊ. त्यातून त्याने फक्त भिंतींचे कोपरे उचलले होते, बाकी फोटोकडे पाहिलंही नव्हतं.

मी तो मोठा केला. कठड्यापाशी बाबा उभे होते. हात बाजूला, मान ताठ, ओठ घट्ट मिटलेले. शाळकरी पोराने घाईत लावावं तसं जाकिटाचं वरचं बटण चुकीच्या काजात. आजूबाजूने माणसं चालत असणार, त्यातलं एकही उमटलेलं नव्हतं. बाबांची मात्र पापणीसुद्धा हललेली नव्हती. इतका स्पष्ट चेहरा, की कपाळावरची शीर दिसत होती. सगळं विसरलेल्या माणसाला एवढं लक्षात होतं, की पोरगा फोटो काढतोय, तो 'झालं' म्हणेपर्यंत हलायचं नाही. आणि पोरगा कानात गाणी घालून, पडद्यावर डोळे लावून, एकामागून एक फोटो काढत होता.

"मला वाटलं तिरीप आहे," धाकटा म्हणाला.

"डाग पुसण्याआधी कशाचा आहे ते बघावं," मी म्हटलं. मला तसं म्हणायचं नव्हतं. पण तोंडातून गेलं ते गेलं, आणि त्याने ते मुकाट्याने घेतलं.

शेवटचा एक फोटो उरला होता. आभाळातलं निळं जवळजवळ संपलेलं. त्यात कठड्यापाशी कोणी नव्हतं. पण चालती माणसं पुसली जातात, चमकणारी वस्तू रेघ ओढत जाते. त्या दोन पट्ट्यांच्या दोन बारीक रेघा कठड्यापासून निघून डावीकडे गेल्या होत्या आणि मग खाली उतरल्या होत्या. खाली पायऱ्या होत्या, पाण्याकडे जाणाऱ्या. आणि तिथला दिवा बंद होता.

उजाडताच आम्ही त्या पायऱ्यांवर गेलो. सकाळचे होडीवाले जमा झाले होते. मी विचारायच्या आधीच त्यातला एक म्हणाला, "त्या म्हाताऱ्यांचे का तुम्ही? शेवटच्या पायरीवर पडले होते. रात्रभर तिथेच असणार. आम्ही जाकीट कापून काढलं आणि गाडीत घालून इस्पितळात पोचवलं." जाकीट अजून तिथेच होतं, दोरखंडांच्या ढिगावर, चिखलाने माखलेलं. मी ते घडी करून पिशवीत ठेवलं.

"जिवंत होते?" धाकट्याने विचारलं.

"होते की. डोळे उघडे होते."

गाडीतून जाताना मी मनातल्या मनात ठरवत होते, त्यांनी ओळखलं नाही तरी चालेल, 'बाई, आपण कोणाकडे आलात' विचारलं तरी चालेल, आयुष्यभर विचारू देत.

बाबा आदल्या दिवशीच गेले होते. वॉर्डातल्या नर्सबाईंनी आमचं पत्रक आपल्या फळ्यावर लावलेलं दाखवलं. बाबांच्या खाटेपासून चार हातांवर. "हे तेच आहेत?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. "मिशा आहेत हो यांना. आम्ही जुळवून पाहिलं होतं. खरंच पाहिलं होतं."

मी विचारलं, त्रास झाला का.

"कमरेचं हाड मोडलं होतं, छातीत सर्दी भरली होती. पण तक्रार नाही काही. हलायचे नाहीत, बोलायचे नाहीत. नाव विचारलं तर ओठ मिटून घ्यायचे. आम्हाला वाटलं, वाचा गेली." त्यांनी धाकट्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "एकदाच बोलले. मी दिवा लावायला गेले होते संध्याकाळी. हळूच म्हणाले, 'झालं का?' मी म्हटलं, काय आजोबा? तर परत गप्प."

मग त्या आम्हाला तळघरातल्या थंड खोलीत घेऊन गेल्या. तिथे डोळ्यांत खुपणारा पांढरा उजेड होता. तिथल्या माणसाने चादर बाजूला केली. बाबा सरळ निजले होते, हात बाजूला, ओठ मिटलेले. ओळख पटवायला म्हणून त्याने धाकट्याला पुढे बोलावलं. धाकटा जवळ गेला, खाली वाकला, आणि गल्लीतून ओरडायचा ते शब्द त्यांच्या कानाशी अगदी हळू म्हणाला.

"झालं, बाबा."

मग तो तसाच वाकून थांबला. मीही थांबले. तो माणूस कागद पुढे करेपर्यंत आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत होतो.